चार वाजताचा रंग

एकोणीसशे अडुसष्ट साल. बिशप येणार म्हणून मी चर्चची पश्चिमेकडची खिडकी धुतली, ते त्या सालचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आता माझे हात इतके कापतात की चहाचा कप उचलायचा तर दोन्ही हात लागतात. त्या दुपारी मात्र ते अजिबात कापत नव्हते, हे मला पक्कं आठवतं. कापले असते तर बरं झालं असतं.

चर्चच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या होत्या, त्यांत आम्ही राहायचो. बाबा चर्चचे राखणदार. घंटा, किल्ल्या, दिवे, बाकांचे डगमगते पाय, सगळं त्यांच्याकडे. आई वेदीवरची कापडं धुवायची आणि इस्त्री करायची. आमच्या घराला खळीचा आणि तापल्या इस्त्रीचा वास असायचा. तो वास अजून कधी कधी झोपेत येतो. मग मी जागी होते आणि आपण कुठल्या घरात आहोत ते बराच वेळ आठवत बसते.

आईला डाग वाचता यायचे. कापड उजेडात धरायचं, नाकाशी न्यायचं, अंगठ्याने चोळायचं, की झालं. हा मेणाचा. ही वाईन. हा फादरांच्या बाहीवरचा, म्हणजे त्यांनी आज पुन्हा न्याहारी उरकता उरकता झगा चढवला. "आसवांचाही डाग पडतो," ती म्हणायची, "पण तो पाण्यानंच जातो, म्हणून त्याचं कुणी नाव काढत नाही."

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. अडुसष्टच्या चार वर्षं आधी तो जहाजावर कामाला गेला होता. बाबांनी त्याच्यापुढे किल्ल्यांचा जुडगा धरला होता, आता तू सांभाळ म्हणून. त्याने तो घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "दारांची उघडझाप करण्यात मला जन्म घालवायचा नाही." मग बाबा काही बोलले, ते मी इथे लिहीत नाही. पहिल्या वर्षी त्याची दोन पत्रं आली. नंतर काहीच नाही. आई रोज जेवताना त्याचं ताट मांडायची आणि जेवणं झाली की कोरडंच उचलून ठेवायची. बाबा त्या ताटाकडे बघत नसत, पण त्यांनी ते कधी हलवलंही नाही.

आता खिडकी. तिच्यात येशू पाण्यावरून चालत येत होता. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी दान केलेली ती खिडकी, आणि चित्रकार बेताचाच. लाटा घडी घातलेल्या टॉवेलांसारख्या. पुढे केलेल्या हाताला बोटं जरा जास्तच वाटायची, मोजली तर पाचच भरायची. पण चेहरा त्या माणसाला कसा साधला कोण जाणे. कुठल्याही बाकावर बसा, तो तुमच्याकडेच बघायचा. लहानपणी मी उगाच या बाकावरून त्या बाकावर सरकून पाहायचे. सुटका नव्हती.

आई रोज चार वाजता हात पुसून जायची आणि तिसऱ्या बाकावर, भिंतीकडच्या कडेला बसायची. एकदा मी विचारलं, काय मागतेस रोज?

"मागत नाही," ती म्हणाली. "मी त्याला सांगून ठेवलंय, माझा मुलगा जिवंत आहे तोवर माझ्याकडे असाच बघत राहा. मी रोज जाऊन नुसती बघून येते."

हे सगळं मला माहीत असताना मी शिडी लावली. वाईट काही मनात नव्हतं. बिशप येणार होते, खिडकीवर वर्षानुवर्षांची काजळी होती, आणि आईच्या चार वाजताच्या आत तो चेहरा लख्ख करून ठेवावा असं मला वाटलं. बादलीत गरम पाणी घेतलं. धुणाऱ्या घरची मुलगी मी, पाण्यात सोडा टाकल्याशिवाय पाण्याला पाणी म्हणत नव्हते. दोन मुठी टाकल्या. लाटा धुतल्या, त्या छान उजळल्या. झगा धुतला, तो पांढरा झाला. मग वरच्या पायरीवर चढून मी मऊ, जुनं, पांढरं फडकं भिजवलं आणि त्याच्या गालावरून फिरवलं.

गाल फडक्यात आला.

मला वाटलं, काजळीच आहे. अजून एकदा फिरवलं. डोळे आले, कपाळ आलं. काचेवर उरला एक फिकट पिवळसर लंबगोल, आणि त्याच्यापलीकडे आकाश. खाली बादलीतल्या पाण्यात गुलाबी आणि तपकिरी रंगाची वर्तुळं हळूहळू फिरत होती. मी शिडीवर किती वेळ उभी होते कोण जाणे. त्या वेळाला माप नाही. स्वप्नात असतो तसा तो वेळ अजून कुठेतरी चालूच आहे असं वाटतं.

मग मी उतरले. पाणी कुंपणापाशी ओतलं, फडकं पिळून पोलक्यात खुपसलं आणि घरी येऊन माझ्या पेटीत तळाशी ठेवलं. शिडी जागेवर ठेवायला विसरले.

चार वाजता आई गेली. पाच मिनिटांत परत आली. तिने इस्त्री हातात घेतली, ती तापलेली नव्हती, तरी एका रुमालावरून फिरवत राहिली. रात्री तिने तीनच ताटं मांडली. दादाचं ताट तिने फडताळात सगळ्यात वर, मोठ्या पातेल्याच्या मागे ठेवून दिलं.

"अगं, काय झालं?" बाबांनी विचारलं.

"त्यानं सांगितलं मला," आई म्हणाली. "तुम्ही जेवा."

तेव्हाच बोलायला हवं होतं. घास तोंडात होता, तो गिळून बोलू म्हटलं, आणि तो गिळायला मला सात महिने लागले. आधी भीती होती बिशपांची, बाबांच्या कामाची. नंतर भीती वेगळीच. मी खरं सांगितलं तर काय होणार होतं? मी खूण पुसली होती, एवढंच सिद्ध झालं असतं. दादा जिवंत आहे हे मी कुठून आणून देणार? आणि कधी कधी, अगदी पहाटे, मनात यायचं की देवानेच माझ्या हातून पुसलं असेल तर.

गावात, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, चर्चा उठली. कुणी म्हणे दमट हवा, कुणी म्हणे जुना रंग कधीतरी जायचाच. पण जास्त लोक म्हणाले, देवानं आपल्याकडून तोंड फिरवलं. प्रत्येक जण आपापलं पाप आठवून बघत होता. ज्या दोघा भावांचं कुंपणावरून वीस वर्षं वाकडं होतं, ते एकमेकांना नमस्कार करू लागले. बिशप आले, त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे उजेड छान येतो."

आई मात्र चर्चची पायरी चढेना. कापडं धुवायची, इस्त्री करायची, घडी करून माझ्या हाती द्यायची. "तू ठेवून ये." रविवारी डोकं दुखायचं. फादर समजवायला आले तेव्हा तिने त्यांना चहा दिला, बाहीवरचा डाग दाखवला आणि बाकी ऐकून घेतलं.

फादर बुटके, जाड भिंगांचे, आणि फार हुशार. त्यांनी नवी खिडकी करायचं ठरवलं आणि एक बाई बोलावली. ती आली छोट्या मालमोटारीतून, काचांची खोकी गवतात गुंडाळून. केस कापलेले, बोटांवर बारीक बारीक चिरा, पायात पुरुषी बूट. तिचं नाव होतंच, पण सगळे तिला काचवाली म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं.

पहिल्याच दिवशी ती शिडीवर चढली, बोटाला थुंकी लावून पुसलेल्या चेहऱ्याची कड चोळली आणि बोट बघितलं. "हा रंग भट्टीत भाजलेलाच नाही," ती वरूनच फादरांना म्हणाली. "बाकी काच मुळातच रंगीत आहे, चेहऱ्याला मात्र नुसता तेलरंग फासलाय. भाजला असता तर काचेत मुरला असता, जन्मात निघाला नसता." मग खाली बघून म्हणाली, "शिशाच्या पट्ट्याही कुजल्यात. पूर्ण खिडकी उतरवावी लागेल." उतरताना शिडी मी धरली होती. तिने माझे हात पाहिले. सोड्याने फुटलेले, सालं निघालेले.

"मला हाताखाली कुणीतरी लागेल," ती फादरांना म्हणाली. "ही चालेल. धुण्याची सवय दिसतेय हिला."

चर्चशेजारच्या जुन्या शाळेच्या खोलीत तिने दुकान मांडलं. लांब टेबल, त्यावर खिडकीएवढा कागद, कागदावर प्रत्येक तुकड्याचा नंबर. काच कापायचं चाक फिरलं की कागद फाडल्यासारखा बारीक आवाज यायचा, मग ती तुकडा दोन बोटांत धरून हलकेच मोडायची. कोपऱ्यात भट्टी. मी नंबर लावायचे, कडा घासायचे, शिशाच्या पट्ट्या ताणून सरळ करायचे. आणि दोघीच असलो की ती मला सोडाबाई म्हणायची. "सोडाबाई, तो निळा द्या." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातून पट्टी पडली. तिने उचलून दिली आणि पुन्हा काच कापू लागली.

पण कामाला सुरुवात करण्याआधी तिने तीन आठवडे काहीच केलं नव्हतं. खिडकीच्या भोकात साध्या काचा लावल्या आणि दिवसभर चर्चमध्ये बसून राहिली. दर तासाला ऊन जमिनीवर जिथे पडेल तिथे खडूने रेघ ओढायची आणि वेळ लिहायची. सगळी फरशी रेघांनी भरली. बाबा पुसायला जायचे आणि ती ओरडायची, "पुसू नका हो, ते माझं रेखाटन आहे." बाबा घरी येऊन म्हणायचे, "बाई चांगली आहे, पण फरशीचा पार फळा केलाय."

एक दिवस तिने मला विचारलं, "इथे रोज कोण यायचं? मिस्साची उपासना सोडून."

"आई. चार वाजता."

"कुठे बसायची?"

मी दाखवलं. तिने तिसऱ्या बाकाच्या कडेला गुडघे टेकून खडूने एक छोटं वर्तुळ काढलं, आणि वर भिंतीकडे बघून कितीतरी वेळ तशीच राहिली. मला वाटलं, प्रार्थना करतेय. बहुधा अंतर मोजत असावी. तिच्याकडे बघून दोन्हींतला फरक मला कधी कळला नाही.

मग चित्राचा नमुना कमिटीपुढे आला. कमिटीत आवाज एकच, ऑर्गन वाजवणारे मास्तर. बाकीचे मान हलवायला. कागदावर माणूस नव्हता, लाटा नव्हत्या. खालून वर चढत गेलेले निळे, मग राखाडी, मग मध्ये एक मोठी जवळजवळ मोकळी जागा.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "यात प्रभू कुठे आहे?"

"ऊन येऊ द्या, मग विचारा," काचवाली म्हणाली.

"म्हणजे ढगाळ दिवशी प्रभू सुट्टीवर?"

"ढगाळ दिवशी तुम्ही कुठे असता मास्तर?" फादर म्हणाले. "मागच्या आठवड्यात थंडी होती तर आलाच नाहीत, आम्ही ऑर्गनशिवाय गायलो."

लोक हसले. मास्तर मागे हटणारे नव्हते. "फादर, थट्टा सोडा. साध्या माणसाला चेहरा लागतो. डोळे मिटून प्रार्थना करणं विद्वानांचं काम. आमच्यासारख्यांना समोर कुणीतरी बघणारा हवा. ही रंगीत गोधडी बघून मी काय म्हणू?"

ते बरोबर बोलत होते. मी भिंतीशी उभी राहून माझ्या आईचंच बोलणं ऐकत होते.

फादर म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी मिस्सा लॅटिनमधून आपल्या भाषेत आली, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, ही भाषा देवाला कळेल का. कळली ना? मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. पण आजचा माणूस आजच्या हातांनी देवासाठी काही करतोय, तर त्याला कालच्या हातांनी कर असं मी कसं सांगू?"

"आणि चेहरा?" मास्तरांनी विचारलं.

काचवाली पहिल्यांदाच अडखळली. "चेहरा मला अजून सापडला नाही," ती म्हणाली. "सापडला नाही तर मी खोटा काढणार नाही. ती जागा मोकळी ठेवीन."

त्या रात्री मला स्वप्न पडलं. मी बादलीशी वाकले आहे, रंग फिरताहेत, आणि पाण्यात चेहरा जुळत येतोय, जवळजवळ जुळतोय, तेवढ्यात कुणीतरी मागून म्हणतं, पाणी ओत. ते स्वप्न पुढे कित्येक वर्षं पडायचं. आता पडत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची थोडी आठवणच येते.

सकाळी मी पेटीच्या तळातून फडकं काढलं आणि शाळेच्या खोलीत जाऊन टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं. चेहऱ्याचं, आईच्या अटीचं, वरच्या फळीवरच्या ताटाचं.

काचवालीने हातातलं काम ठेवलं. "सोडाबाई, चेहरा तुम्ही धुतला हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ताटाचं माहीत नव्हतं." मग म्हणाली, "मला सांगून उपयोग नाही. मी काच जोडते. पापं सोडवणं फादरांकडे, आणि बाकीचं तुझ्या आईकडे."

"कशी सांगू?"

"ते मला नाही येत." तिने फडकं उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. सुकून कडक झालेलं, मध्ये तळहाताएवढा डाग. कडेला गुलाबी, आत गव्हाळ, कुठे कुठे मधासारखा. तिचे डोळे बारीक झाले. "क्रुसाच्या वाटेवरची चित्रं आहेत ना तुमच्या भिंतीवर? त्यात एक बाई त्याचा चेहरा पुसायला रुमाल पुढे करते, सहावं चित्र. तिच्याही रुमालावर चेहरा उतरला होता म्हणतात."

"तिनं पुसला तो घाम होता," मी म्हणाले. "मी त्यालाच पुसला."

ती हसली नाही. "हे माझ्याकडे राहू दे आठ दिवस."

आठ दिवसांत तिने भट्टीत काचेचे अठरा तुकडे भाजले. प्रत्येक तुकडा थंड झाला की ती तो फडक्याशेजारी धरायची, मान हलवायची आणि बाजूला ठेवायची. तांबूस, मातकट, फार पिवळा, फार गोड. एकोणिसावा तुकडा तिने धरला आणि सरळ मला दिला. मी तो उजेडात धरला. तो कुठल्याही माणसाचा चेहरा नव्हता, पण मला वाटलं कुणीतरी खोलीत आलंय.

त्या मोकळ्या जागेत, वरच्या बाजूला, एकच तळहाताएवढा तुकडा त्या रंगाचा बसला. खालून बघणाऱ्याला तो दिसेल न दिसेल असाच. फडकं तिने मला परत दिलं.

खिडकी बसली आणि आशीर्वादाचा रविवार ठरला. सकाळी मिस्साला सगळे आले. आकाश भरलेलं, खिडकी राखाडी, मास्तरांनी ऑर्गनवरून माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं. लोक म्हणाले, बरी आहे. म्हणजे आवडली नव्हती. आई आली नव्हती.

दुपारी आभाळ मोकळं झालं. साडेतीनला मी घरी गेले. आई इस्त्री करत होती. शेजारी वेदीच्या कापडांचा ढीग. मी पेटी उघडून तळाशी हात घातला. मग मी ते फडकं तिच्या टेबलावर, धुतलेल्या कापडांशेजारी ठेवलं.

सवयीने तिने उचललं. उजेडात धरलं. नाकाशी नेलं. अंगठ्याने चोळलं.

"हे आपलंच जुनं फडकं," ती म्हणाली. "हा रंग आहे. तेलाचा. आणि सोड्यातून काढलाय." तिने ते पुन्हा उजेडात धरलं. इस्त्रीखालचं कापड करपायला लागलं होतं, मी इस्त्री उचलून बाजूला ठेवली. इतक्या वर्षांत आईच्या हाताखाली कापड करपलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"तू?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

ती स्टुलावर बसली. फडकं मांडीवर पसरलं. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"सोडा किती घातलास?"

"दोन मुठी."

"दोन मुठी." तिने मान डोलावली. "चादर होती का ती? काचेला चिमूटभर पुरतो, मूर्ख मुली. एवढं शिकवलं तुला." आणि तिचा आवाज फाटला. "सात महिने मी त्याच्यासाठी रडले. सात महिने त्याच्यासाठी मागितलंच नाही काही. मेलेल्यासाठी करतात ती प्रार्थना केली. तो जर कुठे जिवंत असेल, तर त्याच्या मागे सात महिने कुणीच नव्हतं."

मी तिच्या पायाशी बसले. ती मला जवळ घेत नव्हती आणि ढकलतही नव्हती. मग तिने घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा कमी होते. तिने फडकं घडी करून कमरेला खोचलं, हात पुसले आणि म्हणाली, "चल. इस्त्री बंद कर."

चर्चमध्ये कोणी नव्हतं. फक्त मागे काचवाली आपली अवजारं पेटीत भरत होती. तिने आम्हाला पाहिलं आणि ती जागची हलली नाही. आई तिसऱ्या बाकावर भिंतीकडच्या कडेला बसली. वर बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. "काही नाही गं इथे," ती हळूच म्हणाली.

ऊन पश्चिमेला उतरत होतं. आधी फरशीवर निळं आलं, पाण्यासारखं, आमच्या पायांपाशी पसरलं. बाकांचे पाय त्यात बुडाले. मग राखाडी सरकत गेलं. चार वाजले, बाबांनी घंटा दिली, आणि आईच्या मांडीवर, जोडलेल्या हातांवर, तो रंग येऊन बसला. गुलाबी कडेचा, आत गव्हाळ, मधासारखा. तळहाताएवढा.

आई हातांकडे बघत राहिली. कमरेचं फडकं काढून तिने मांडीवर पसरलं. डागावर तो रंग पडला, आणि डाग दिसेनासा झाला. मग तिने जे केलं ते फक्त तीच करू शकली असती. उजव्या अंगठ्याने तिने डाव्या हातावरचा रंग चोळला. एकदा, दोनदा. अंगठा उजेडात धरून बघितला.

"हा निघत नाही," ती म्हणाली.

"भाजलेला आहे, आई," मागून काचवाली म्हणाली. "निघायचा नाही."

आई ओठ हलवू लागली. काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही, पण दादाचं नाव मी ओळखलं. रंग हळूहळू तिच्या मनगटावर सरकला, मग बाहीवर, मग बाकाच्या लाकडावर गेला आणि विझला. त्या रात्री ताटं चार मांडली गेली.

दादाचं पत्र आलं दोन वर्षांनी. चारच ओळी, दूरच्या बंदरातल्या दवाखान्यातून. अडुसष्ट साली आजारी पडलो होतो, खूप दिवस गेले, आता बरा आहे. कुठले महिने ते त्याने लिहिलं नव्हतं आणि आईने कधी विचारलं नाही. तो आला अकरा वर्षांनी, बाबांच्या अंत्यविधीला, दाढी पिकलेली. किल्ल्यांचा जुडगा त्याने स्वतःहून उचलला आणि शवपेटी जाईपर्यंत दारं उघडून धरली. मग परत गेला. दर वर्षी यायचा. आता तोही नाही.

बाबांना सगळं माहीत होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पण खिडकी धुतली त्या संध्याकाळी शिडी मी तिथेच विसरले होते, आणि लोकांनी पाहिलं तेव्हा ती कोठारात जागेवर होती.

फादरांची पुढच्या वर्षी बदली झाली. त्याआधी मी कबुली द्यायला गेले होते तेव्हा ते जाळीपलीकडून म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून खिडकी दर महिन्याला पूस. साध्या पाण्यानं." ते मी चव्वेचाळीस वर्षं केलं. शिडी चढवेना तेव्हा थांबले.

मास्तर पाहुण्यांना खिडकी दाखवू लागले. कुणी विचारलं यात प्रभू कुठे आहे, की चष्मा पुसत म्हणायचे, "ऊन येऊ द्या, मग विचारा." जसं काही वाक्य त्यांचंच.

काचवालीबरोबर मी सहा वर्षं काम केलं, पाच खिडक्या. एकीतही माणूस नव्हता. नंतर तिची नजर गेली. शेवटचं पत्र तिने दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊन पाठवलं, त्यातही मायना सोडाबाई असाच. सोबत अठरा तुकड्यांपैकी एक, फार गोड असलेला. तो माझ्या खिडकीत आहे.

आईच्या डोळ्यांत शेवटी मोतीबिंदू पिकला. खिडकी दिसायची नाही. तरी बसायची, आणि हात मांडीवर उघडे ठेवून विचारायची, "आला का?" मी म्हणायचे, आला. मग ती बोलू लागायची. ते फडकं तिने कधी धुतलं नाही. वर्षातून एकदा वेदीच्या कापडांबरोबर त्याला इस्त्री करायची, डाग वर येईल अशी घडी घालायची. ती गेली तेव्हा तिच्याबरोबरच ते शवपेटीत ठेवलं.

आता तिसऱ्या बाकावर मी बसते. मध्यंतरी फरशी बदलली तेव्हा बाक चार बोटं सरकला, त्यामुळे रंग चारला येत नाही, चार वाजून दहा मिनिटांनी येतो. तेवढी वाट बघायला मला आवडतं.